नव्या शहरात पहिला लाइव्ह रॅप शो: तिकिटाच्या आधी घरी परत कसं यायचं ते बघा

शहर बदललं, रूम मिळाली, अर्धं सामान अजून खोक्यातच आहे, आणि तेवढ्यात कळतं की आपला आवडता रॅपर ह्याच शहरात येतोय. मग काय, पाच मिनिटांत तिकीट बुक. आणि शोच्या रात्री गेटबाहेर उभे आहोत, फोनमध्ये ३ टक्के बॅटरी, घसा बसलेला, आणि डोक्यात एकच प्रश्न की आपलं घर नक्की कुठल्या दिशेला आहे. मी हे स्वतः केलंय, माझ्यानंतर शहर बदललेल्या दोघी-तिघी मैत्रिणींनीही जसंच्या तसं केलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

चूक क्रमात होते. जुन्या शहरात कितीतरी गोष्टी आपल्याला न विचारताच माहीत असतात, शेवटची गाडी किती वाजता, कुठला रस्ता रात्री सुनसान होतो, फसलोच तर कोण न्यायला येईल. नव्या शहरात ह्यातलं काहीच हाताशी नसतं, पण प्लॅन मात्र आपण जुन्या शहरातल्यासारखाच करतो. म्हणून खालचा क्रम उलटा वाटेल, शेवटाकडून सुरुवातीकडे येणारा. तो तसाच ठेवा.

१. सगळ्यात आधी परतीचा रस्ता

शो संपणार कधी, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. अंदाज आपणच बांधायचा. तिकिटावर जी वेळ असते ती बहुतेक वेळा गेट उघडण्याची असते. त्यानंतर आधी डीजे, मग एक-दोन ओपनर (मेन आर्टिस्टच्या आधी गाणारे), आणि मेन आर्टिस्ट साधारण दीड-दोन तासांनी स्टेजवर येतो. त्याचा सेट तासाभराचा ते दीड तासाचा. म्हणजे गेट ७ ला असेल तर शो साडेदहाच्या आसपास संपतो असं धरा, वर उशिराचा अर्धा तास ठेवा, आणि गर्दीतून बाहेर पडून रस्त्याला लागायला अजून अर्धा तास. साडेअकरा. आता ह्या साडेअकराला तुमच्या घराकडे काय जातं ते शोधा.

इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शेवटची ट्रेन किंवा बस बघताना फक्त व्हेन्यूजवळच्या स्टेशनची वेळ बघून चालत नाही. मध्ये गाडी बदलायची असेल तर दुसऱ्या लाइनची शेवटची गाडी कधी आहे ते बघा, नाहीतर पहिली गाडी आरामात मिळते आणि मधल्याच स्टेशनवर अडकायला होतं. माझं हेच झालेलं. आणि वेळापत्रक त्या वाराचं बघा, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या लवकर बंद होऊ शकतात.

कॅबने जाणार असाल तरी प्लॅन लागतोच. शो संपल्यावर हजारो लोक एकाच मिनिटाला ॲप उघडतात, भाडं वर जातं, ड्रायव्हर गेटपर्यंत पोचू शकत नाही आणि कॅन्सल करतो. त्यामुळे घरी बसल्या मॅपवर एक जागा ठरवून ठेवा, व्हेन्यूपासून दहा-पंधरा मिनिटं चालत, मोठ्या रस्त्यावर, उजेड असलेली, आणि तुमच्या घराच्या दिशेला. विरुद्ध दिशेला उभे राहिलात तर गाडी वळून येण्यातच अर्धा तास जातो.

जमलं तर शोच्या आधी एखाद्या दिवशी तिकडे एक चक्कर मारून या. संध्याकाळनंतर गेलात तर अजून चांगलं, कारण दिवसा गजबजलेला रस्ता रात्री दहानंतर वेगळाच दिसतो. आणि एक ‘ब’ प्लॅन: गाडी चुकलीच तर कुणाला फोन करणार? नवीन शहरात जवळचं असं कोणी नसेल तर रूममेट, घरमालक, ऑफिसमधली एखादी व्यक्ती, कोणीही चालेल, पण त्यांना आधी सांगून ठेवलेलं असू दे.

इथे थांबा आणि तपासा: परतीचे दोन रस्ते कागदावर आहेत का? एकच असेल तर अजून तिकीट काढू नका.

२. तिकीट काढताना पोस्टर नाही, बारीक अक्षरं वाचा

पहिली गोष्ट, शो खरंच शो आहे का ते बघा. रॅपमध्ये हा प्रकार बराच चालतो: पोस्टरवर आर्टिस्टचा भलामोठा चेहरा, पण खाली कुठेतरी ‘होस्टेड बाय’ किंवा ‘अपिअरन्स’ असं काहीतरी लिहिलेलं. ह्याचा अर्थ असा होऊ शकतो की तो क्लबमध्ये येणार, माइक घेऊन दोन गाण्यांवर हात हलवणार, आणि वीस मिनिटांत गायब. ह्याला कॉन्सर्ट म्हणत नाहीत. पोस्टरवर ‘लाइव्ह’ असलं तरी आर्टिस्टच्या स्वतःच्या पेजवर टूरच्या तारखांमध्ये तुमचं शहर आहे का ते बघा आणि तिकिटाची लिंक तिथूनच उघडा. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी लिंक कधीकधी रीसेलवाल्यांची जाहिरात असते.

मग व्हेन्यूचं नाव आणि पूर्ण पत्ता. नव्या शहरात तुम्हाला दोन सारख्या नावांच्या जागांमधला फरक कळणार नाही. एकाच ग्रुपचे दोन हॉल शहराच्या दोन टोकांना असतात, किंवा मैदान एकच पण गेट चार आणि प्रत्येक गेट वेगळ्या रस्त्यावर. तिकिटावर कुठलं गेट लिहिलंय ते मॅपवर पिन करून ठेवा.

उभं राहायचं की बसायचं, हा खरा निर्णय. स्टँडिंग म्हणजे पाच तास पायांवर, पण रॅप शोची मजा तिथेच जास्त. मात्र पहिल्यांदाच आणि एकटे जात असाल तर स्टेजला चिकटलेला महागडा पिट (स्टेजपुढचा उभं राहायचा भाग) घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. साधं स्टँडिंग घ्या, मागेपुढे करायला मोकळीक राहते. उंची कमी असेल तर कडेची बाल्कनी किंवा पायऱ्या असलेला भाग सोन्याहून पिवळा.

बारीक अक्षरांत ह्या गोष्टी शोधा: वयाची अट, कुठलं ओळखपत्र चालतं, एकदा बाहेर गेलं की परत आत घेतात का, बॅग केवढी चालते. तुमच्या ओळखपत्रावर जुन्या शहराचा पत्ता असेल तर घाबरायचं काही नाही, तिथे फोटो, नाव आणि वय बघतात, पत्ता नाही. पण तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एक असू दे.

सावधान: कोणी तिकिटाचा स्क्रीनशॉट विकत असेल तर सोडून द्या. बऱ्याच ॲपमधला कोड दर थोड्या सेकंदांनी बदलतो, स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. आणि साधा क्यूआर असला तरी तोच स्क्रीनशॉट दहा जणांना विकलेला असू शकतो, पहिला आत जातो, बाकीचे नऊ बाहेर. तिकीट ॲपमधूनच तुमच्या अकाउंटला ट्रान्सफर होत असेल तरच पैसे द्या.

३. गाणी ऐकून जा, पण ठरवून

रॅपमध्ये शब्दच सगळं, आणि लाइव्हमध्ये नेमके शब्दच आधी हरवतात. कारण साधं आहे. बेस म्हणजे खालचे सूर सगळीकडे पसरतात, भिंतीतून, माणसांतून, थेट छातीत. पण च, ट, स, फ असल्या व्यंजनांचा आवाज वरच्या सुरांत असतो, तो सरळ रेषेत जातो आणि समोर उभ्या माणसांची शरीरं तो खाऊन टाकतात. म्हणून मागून फक्त ‘ढूम ढूम’ आणि मध्ये कुणीतरी ओरडतंय असं ऐकू येतं. शब्द आधीपासून माहीत असतील तर मेंदू गाळलेल्या जागा भरतो. नसतील तर दीड तास गोंगाट.

सगळं पाठ करायला बसू नका. ह्याच टूरच्या आधीच्या शहरांमध्ये कुठली गाणी झाली ती यादी ऑनलाइन सापडते, तीच क्रमाने ऐका. लाइव्हमध्ये गाणं पूर्ण होईलच असं नाही, पुष्कळदा पहिला व्हर्स (कडवं) आणि हुक (धृपदासारखा परत परत येणारा भाग) झालं की डीजे पुढचं गाणं घुसवतो, त्यामुळे प्रत्येक गाण्याचा हुक आणि पहिला व्हर्स आला तरी पुष्कळ झालं. हुकमध्ये आर्टिस्ट अर्धी ओळ म्हणून माइक पब्लिककडे फिरवतो, ती उरलेली अर्धी ओळ तुमची. ती आली पाहिजे.

आणि ओपनरना टाळू नका, नव्या शहरात आलेल्या माणसासाठी तर अजिबातच नाही! मेन आर्टिस्ट उद्या दुसऱ्या शहरात असणार, पण ओपनर बऱ्याचदा इथलाच पोरगा किंवा पोरगी असते, त्यांचे छोटे शो, सायफर (गोलात उभं राहून आळीपाळीने रॅप करणं), ओपन माइक ह्याच शहरात होत राहतात. मला ह्या शहरातली अर्धी मित्रमंडळी एका ओपनरच्या मागे मागे जाऊन मिळाली. त्यांची दोन-तीन गाणी ऐकून जा, बस.

४. कान. हा भाग गाळू नका

मला माहीतेय, इअरप्लग म्हटलं की लोक हसतात. आधी आकडे बघा. अमेरिकेतल्या नायोश ह्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आवाज ८ तासांपर्यंत ठीक. पुढे दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. शोमध्ये १०० किंवा त्याहून जास्त आवाज ही रोजची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी नियमावली काढली, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. आणि तुम्ही तिथे तीन-चार तास असता.

आता कुठले घ्यायचे. फोमचे स्वस्त प्लग आवाज भरपूर कापतात, पण वरचे सूर जास्त कापतात, म्हणजे जे शब्द आधीच हरवत होते ते पूर्णच जातात. रॅपसाठी फिल्टर असलेले, म्युझिशियन लोक वापरतात तसले घ्या. ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात, आवाज फक्त लहान होतो, स्पष्ट तसाच राहतो. १५ ते २० डेसिबल कमी करणारे पुरेत. एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात.

फोमचेच असतील तर निदान नीट घाला, कारण बहुतेक जण नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. बोटांत लाटून बारीक वात करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. घरी एकदा करून बघा. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला तर नीट बसलंय.

तपासा: प्लग बॅगेत नाही, खिशात हवेत. आणि पहिला डीजे सुरू होण्याआधी कानात. ‘आवाज सहन होईना की घालू’ म्हणणाऱ्यांचा तोपर्यंत दिवसभराचा कोटा संपलेला असतो.

५. काय न्यायचं, काय घालायचं

फोन, ओळखपत्र, थोडी रोख, एक कार्ड, छोटी पॉवरबँक आणि केबल, प्लग. एवढंच. पॉवरबँक चालते का ते व्हेन्यूच्या नियमांत बघून घ्या, काही ठिकाणी अडवतात. बॅग नेलीच तर छोटी, पुढे अडकवता येईल अशी. मोठी बॅग घेऊन गेलात आणि गेटवर नाही म्हणाले तर जुन्या शहरात कुणाच्या तरी घरी टाकून आला असतात, इथे कुठे टाकणार?

तिकीट घरूनच ॲपमध्ये उघडून ठेवा, ऑफलाइन दिसतं का ते बघा. गेटवर हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, तिथे नेट मिळेल ह्या भरवशावर राहू नका. शहराचा मॅपही ऑफलाइन डाउनलोड करा.

आणि एक जुनाट उपाय: एका कागदावर घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि दोन फोन नंबर लिहा आणि खिशात ठेवा. जुना पत्ता झोपेतही सांगता येतो, नवा येत नाही. रूममेटचा नंबर तर कुणालाच पाठ नसतो. फोन मेला की हा कागदच कामाला येतो.

बूट जुने, पायात बसलेले, पुढून बंद. नवीन स्नीकर्स मिरवायची हौस समजू शकते, रॅप शो आहे शेवटी, पण त्यावर तीनशे लोकांनी पाय दिल्यावर रडू नका. मोठ्या रिंगा, लांब साखळ्या घरी. आत उकाडा असतो आणि बाहेर निघाल्यावर गार वाटतं, तेव्हा हलकं काहीतरी कमरेला बांधता येईल असं.

६. शोच्या दिवशी

दुपारी पोटभर खा, आणि निघायच्या दोन-एक तास आधी परत थोडं. पाणी सकाळपासूनच पीत राहा, गेटवर उभं राहून एकदम लिटरभर प्यायलात तर आत गेल्या गेल्या टॉयलेटची रांग, मग जागा गेली. दारू पिणाऱ्यांना एवढंच की उकाडा, उपाशी पोट आणि दारू ह्या तिघांनी मिळून पिटमध्ये चक्कर येते, आणि नव्या शहरात एकटं असताना तर हे नकोच.

एकटे जात असाल तर लोकेशन कुणातरी एकाला शेअर करा आणि ‘अमुक वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर’ असं सांगा. वेळ ठरवून सांगा, नुसतं ‘लक्ष ठेव’ म्हटल्याने कोणी लक्ष ठेवत नाही.

किती वाजता पोचायचं? सगळ्यात पुढे उभं राहायचं असेल तर गेट उघडायच्या बऱ्याच आधी. मधे कुठेही चालणार असेल तर गेट उघडल्यावर अर्ध्या तासाने आरामात. रांगेत मागच्या-पुढच्यांशी बोला. एकटं जाणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी जागा हीच आहे, विषय तयारच असतो, ‘पहिल्यांदा बघताय का ह्याला?’ एवढं विचारलं तरी गाडी सुरू होते. फक्त लगेच कुणाच्या गाडीतून घरी जायचं ठरवू नका, परतीचा प्लॅन आपला आपल्याकडे.

७. आत गेल्यावरची पहिली दहा मिनिटं

लोक आत शिरले की थेट स्टेजकडे पळतात. तुम्ही आधी एक गोल फेरी मारा. ज्या दारातून आलात ते सोडून दुसरं बाहेर पडायचं दार कुठेय, पाणी कुठे, टॉयलेट कुठे, फर्स्ट एडवाले कुठे बसलेत. सोबत कोणी असेल तर चुकामूक झाल्यावर भेटायची जागा आत्ताच ठरवा, आणि ती हलणारी नसावी, ‘त्या लाल टीशर्टवाल्याजवळ’ असलं नको.

मग जागा. सगळ्यात पुढे आवाज सगळ्यात भारी असेल हा गैरसमज. मुख्य स्पीकर वर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या लोकांकडे असतो, पुढच्या रांगांच्या तोंडासमोर जमिनीवर सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर) असतात. म्हणजे पुढे बेस छाती फोडतो आणि शब्द डोक्यावरून जातात. शब्द ऐकायचे असतील तर साउंडवाल्यांचा कन्सोल (आवाज कमी-जास्त करायचं टेबल) शोधा, तो मधोमध, थोडा मागे असतो. साउंड इंजिनिअर तिथे बसून जे ऐकतो त्यावरच सगळं मिक्स करतो, तेव्हा त्याच्या थोडं पुढे उभं राहिलात तर त्याच्यासारखंच ऐकू येतं. कडेच्या एका स्पीकरखाली उभं राहणं मात्र कधीच नको.

स्ट्रोब लाइटचा (झपझप उघडझाप करणाऱ्या दिव्यांचा) त्रास होणाऱ्यांनी, किंवा फिट्स येण्याचा इतिहास असेल तर, आधीच व्हेन्यूला विचारून घ्या आणि डॉक्टरांशीही बोला.

८. पिट: मजा कुठे संपते आणि धोका कुठे सुरू होतो

मध्येच आर्टिस्ट सांगतो ‘जागा करा’, आणि गर्दी फाकून मधे गोल तयार होतो. बीट पडला की त्यात सगळे उड्या मारत एकमेकांवर आदळतात. हाच मॉश पिट. आत जायची सक्ती नाही. गोलाच्या काठावर उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण आतले उडून तिथेच येतात, तेव्हा एक तर आत नाहीतर चार रांगा मागे.

आत गेलात तर नियम थोडेच आहेत. ढकलायचं तळहाताने, कोपर नाही. कोणी पडलं तर थांबून आधी उचलायचं, गाणं गेलं खड्ड्यात. कुणाचा बूट-फोन सापडला तर हात वर करून धरायचा. जो खेळत नाहीये त्याला ओढायचं नाही. आणि गर्दीचा फायदा घेऊन कोणी हात लावत असेल तर मोठ्याने बोला आणि सिक्युरिटीला बोलवा, ‘पिटमध्ये असं होतंच’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आता धोक्याचं. पिटपेक्षा कितीतरी जास्त धोका नुसत्या उभ्या गर्दीत असतो, जिथे मागचे पुढे सरकत राहतात आणि पुढच्यांना जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असेपर्यंत हलता येतं, पाचच्या पुढे गेलं की धोका चढत जातो, आणि त्याहून दाट झाली की गर्दी पाण्यासारखी वागते, लाटा येतात, तुमचे पाय तुमच्या ताब्यात राहत नाहीत. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये १० जण गेले ते असेच, चारी बाजूंच्या दाबामुळे छाती फुलेना, श्वासच घेता आला नाही. उभ्या उभ्या असं होऊ शकतं.

मोजायला पट्टी लागत नाही. दर दोन-तीन गाण्यांनी हात वर आणून स्वतःच्या चेहऱ्याला लावून बघा. सहज लागला तर ठीक. हात निघतच नसेल, चारी बाजूंनी अंग लागतंय, आणि न हलता तुम्ही हलताय, तर त्याच क्षणी निघा, पुढच्या गाण्याची वाट बघू नका. कारण निघता येईल ती वेळ फार थोडी असते.

निघायचं कसं ते लक्षात ठेवा. हात बॉक्सरसारखे छातीसमोर, म्हणजे फासळ्यांपुढे थोडी जागा राहते. लाटेच्या उलट ढकलायचं नाही, त्यात दम जातो. लाट येऊ द्या, ती ओसरताना जो क्षणभर सैलपणा येतो त्यात एक पाऊल तिरकं, मागे आणि कडेला. परत लाट, परत एक पाऊल. ओरडण्यात श्वास घालवू नका. फोन किंवा बूट पडला तर वाकू नका, गेला तो. बॅरिकेडच्या अगदी जवळ असाल तर समोरच्या सिक्युरिटीला हात करा, ते वरून ओढून काढतात, लाजायचं काही नाही त्यात.

९. शो चालू असताना

फोनवर एक-दोन गाणी घ्या आणि खिशात टाका. अख्खा शो शूट करणाऱ्यांची क्लिप फोनच्या माइकमध्ये फाटलेली येते, कारण माइकला एवढा आवाज पेलत नाही, आणि मागच्याला शोभर तुमचा हात दिसतो. शिवाय बॅटरी. ती घरी जाण्यासाठी आहे, हे विसरू नका. ३० टक्क्यांवर आली की फ्लाइट मोड, कारण गर्दीत नेटवर्क शोधत बसण्यातच फोन बॅटरी खातो.

गाण्यात एखाद्या समाजाला हिणवणारा शब्द असेल आणि तो समाज आपला नसेल, तर ती जागा गाळून म्हणा. आर्टिस्ट म्हणतो म्हणून आपणही म्हणायचं असं नसतं.

पाणी मिळेल तेव्हा प्या. कानाला विश्रांती म्हणून ओपनर आणि मेन सेटच्या मधे दहा मिनिटं बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन या, जागा जाते हे खरं, पण कन्सोलजवळची जागा तितकी पटकन भरत नाही.

१०. बाहेर पडणं, आणि दुसरा दिवस

शेवटची गाडी काठावर असेल तर शेवटच्या गाण्याच्या आधी निघा. मोठं हिट गाणं शेवटी ठेवलेलं असतं, मन होत नाही, पण आधीची यादी बघितलेली असल्यामुळे तुम्हाला माहीत असतं की किती गाणी उरलीत, त्यावरून ठरवा. गाडीची घाई नसेल तर उलट करा, दिवे लागल्यावर पंधरा मिनिटं आतच थांबा, गर्दी ओसरू द्या.

बाहेर आल्यावर लोंढ्याबरोबर वाहत जाऊ नका. लोंढा त्याच्या घरी चाललाय, तुमच्या नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा, मॅप बघा, आणि आधी ठरवलेल्या जागेकडे चालायला लागा. गाडीत बसताना नंबर जुळवा. पोचल्यावर ज्याला सांगितलं होतं त्याला मेसेज, तो बिचारा जागा असतो.

सकाळी कानात सूं आवाज येत असेल किंवा कापूस कोंबल्यासारखं वाटत असेल तर तो दिवस कानाला पूर्ण आराम, हेडफोन बंद, कालच्या क्लिपसुद्धा नंतर बघा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जातं. नाही गेलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. आणि एका कानाने अचानक ऐकूच येईनासं झालं तर ‘नव्या शहरात डॉक्टर कुठे शोधू’ म्हणत आठवडा काढू नका, त्याच दिवशी जा, ह्यात उशीर झाला की उपचारांचा उपयोग कमी होत जातो.